वृकोदराच्या मुलखात : पोट, पाप आणि गोळी

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी लोकश्रुती आहे. भीमाने बकासुराला मारले ते येथेच. गाडाभर अन्न एकट्याने फस्त करणाऱ्या त्या वृकोदराच्या पचनाची चिंता व्यासांना पडत नाही. महाकाव्यात पोट हे बळाचे स्थान असते. आत्मचरित्रात मात्र ते कुरकुरू लागते.

याच वर्धा जिल्ह्यात, तेव्हाच्या शेगावात, १९३६ साली गांधीजी राहावयास आले. 'सत्याचे प्रयोग' आपण वर्गात शिकतो आणि शिकवितो; पण जोहान्सबर्ग येथील बद्धकोष्ठाची हकीकत आपण बहुधा संकोचाने ओलांडतो. अधूनमधून रेचके घेऊन ते प्रकृती सांभाळीत आणि त्या रेचकांचेच त्यांना ओझे वाटे. त्यांनी न्याहारी सोडली तेव्हा डोकेदुखी गेली, कोष्ठ तसेच राहिले. कूनेच्या कटिस्नानाने थोडा उतार पडला. अखेर आडोल्फ यूस्टच्या पुस्तकावरून ते रात्री पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधू लागले आणि तिने गुण आला.

आमच्या मते हा मजकूर 'हिंद स्वराज'शेजारी ठेवून वाचला पाहिजे. १९०९च्या त्या पुस्तकात डॉक्टरांवरचा आरोप अपचनाच्याच दाखल्याने केला आहे : मी अति खातो, डॉक्टर गोळी देतो, मी बरा होऊन पुन्हा अति खातो. युक्तिवाद धारदार खरा, पण त्यात एक गृहीत दडले आहे. पोट बिघडले म्हणजे खाणाऱ्याचा संयम सुटला! आमच्या घरांतील हिरड्या-एरंडेलाच्या उपदेशातही हाच सूर असे. खुद्द गांधीजींवर १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तेथे संयमाचा उपाय चालण्यासारखा नव्हता.

पुढे वैद्यकाने हा दोषारोप बराचसा मागे घेतला. क्षोभी आतड्याच्या विकारात तपासणीला जखम दिसत नाही, तरीही वेदना खरी असते; आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशवहनच बिघडलेले असते. टेगासेरॉड हे औषध याच समजुतीतून आले. सेरोटोनिनच्या एका ग्राहकाला चेतवून ते आतड्याची हालचाल वाढवी. २००२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही केवळ स्त्रियांसाठी. रुग्णाला कोणी अधाशी म्हणत नव्हते, ही मोठीच सुटका होती.

मार्च २००७ मध्ये जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र पाहिले गेले. औषध घेतलेल्या ११,६१४ रुग्णांपैकी १३ जणांना हृदय वा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे गंभीर विकार झाले होते. औषधाविना गोळी घेतलेल्या ७,०३१ जणांत असा एकच होता. तेथे विक्री थांबली. भारतात बंदी आली ती मार्च २०११ मध्ये. त्याच्या महिनाभर आधी सिसाप्राइडवर आली होती. हृदयाची लय बिघडविणारे ते औषध अमेरिकेच्या खुल्या बाजारातून २००० सालीच गेले होते. मधली चार आणि जवळजवळ अकरा वर्षे येथल्या रुग्णाच्या खात्यावर पडली. त्या खात्याची वही कोणी लिहिली असल्यास आमच्या पाहण्यात नाही.

२०१९ साली अमेरिकेने टेगासेरॉडला पासष्टीच्या आतील, हृदयविकाराचा इतिहास नसलेल्या स्त्रियांसाठी पुन्हा परवानगी दिली. २०२२ साली उत्पादकाने व्यावसायिक कारणास्तव ते बंद केले. सेवाग्रामला १९६९ पासून सुशीला नायर यांनी स्थापिलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. मातीच्या पट्टीच्या त्या पुरस्कर्त्याच्या गावात आज औषधशास्त्र शिकविले जाते, आणि त्यात रेचकांचेही प्रकरण असते.