सर्व्हर आभासीकरण
सर्व्हर आभासीकरण : एका भौतिक सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी व साठवण सॉफ्टवेअरने विभागून त्यावर परस्परांपासून अलग असे अनेक आभासी संगणक चालविण्याचे तंत्र. ही विभागणी करणाऱ्या थरास हायपरव्हायझर म्हणतात.

आयबीएमने १९६० च्या दशकात हे तंत्र मेनफ्रेमवर विकसित केले. व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाच्या औपचारिक अटी मांडल्या. एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअरने (स्थापना १९९८) आज्ञावली चालू असतानाच तिच्यातील अडचणीच्या सूचना बदलून ही उणीव भरून काढली; २००५-०६ पासून इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच साहाय्य पुरविले. झेन व केव्हीएम हे मुक्त हायपरव्हायझर होत.

आभासीकरणाची पायाभूत रचना आखणारा तज्ज्ञ प्रथम सर्वाधिक भार मोजतो. सर्व्हरच्या समूहातील एक सर्व्हर बंद पडला तरी उरलेले त्याचा भार पेलतील, इतकी क्षमता तो राखून ठेवतो. सामायिक साठवण व दुहेरी नेटवर्क मार्गांमुळे आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर त्वरेने सुरू करता येतो. आभासी संगणकांना प्रोसेसर प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा काहीसा अधिक वाटता येतो. मेमरीबाबत मात्र विशेष सावधगिरी लागते. स्नॅपशॉट (आभासी संगणकाच्या एका क्षणीच्या स्थितीची नोंद) हा बॅकअपला पर्याय नाही. स्वतंत्र ठिकाणी प्रत ठेवणे आवश्यक असते.