प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्याची पडताळणी

अमेरिकेत डॉक्टर किंवा रजिस्टर्ड नर्स (आरएन) यांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणाऱ्या परवानाधारक परिचारिकेला लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स (एलपीएन) म्हणतात. कॅलिफोर्निया व टेक्सस या राज्यांत तिला लायसेन्स्ड व्होकेशनल नर्स (एलव्हीएन) म्हणतात. औषधे देणे, मलमपट्टी, रक्तदाब व नाडीच्या नोंदी ही तिची नेहमीची कामे. शिरेतून औषध देण्याची मुभा राज्यागणिक बदलते.

पात्रता : साधारण एक वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते. परीक्षा देशभर एकच असली, तरी परवाना राज्याचे परिचर्या मंडळ देते. नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट या करारातील राज्यांत राहणाऱ्या परिचारिकेला एकाच बहुराज्यीय परवान्यावर सर्व सदस्य राज्यांत काम करता येते. कॅलिफोर्निया या करारात नाही.

पडताळणी : हातातले कार्ड किंवा त्याची झेरॉक्स हा पुरावा नव्हे, मंडळाची चालू नोंद हाच पुरावा. ही नोंद राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर, तसेच बहुतेक राज्यांपुरती ‘नर्सिस’ या सामाईक नोंदकोशात विनामूल्य पाहता येते. नोंदीत परवान्याचा प्रकार, क्रमांक, राज्य, सद्यस्थिती, प्रथम दिल्याची तारीख, मुदत आणि शिस्तभंगाची कारवाई दिसते. लग्नानंतर आडनाव बदललेले असू शकते, म्हणून नावाऐवजी परवाना क्रमांकाने शोधणे बरे. नोंदीतले नाव फोटो असलेल्या सरकारी ओळखपत्राशी ताडून पाहावे, कारण दुसरीचा खरा क्रमांक सांगून काम मिळवणे अशक्य नाही. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटची नोंदवही वेगळी असते. ते प्रमाणपत्र म्हणजे एलपीएनचा परवाना नव्हे. मेडिकेअरसारख्या सरकारी योजनांतून वगळलेल्यांची संघराज्य सरकारची यादीही सर्वांना खुली आहे.

मर्यादा : चौकशी सुरू असलेली तक्रार सहसा नोंदीत दिसत नाही, अंतिम निर्णयानंतरच ती येते. जानेवारी 2023 मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या कारवाईत फ्लोरिडातील तीन संस्थांच्या नावे 7,600हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांच्या आधारे परीक्षा देऊन काहींनी परवानेही मिळवले होते. त्यामुळे नेमणुकीच्या वेळी एकदा पाहून थांबू नये. मुदत संपताना आणि अधूनमधूनही नोंद पाहावी. पूर्वीच्या मालकाकडे कामाची चौकशी करावी, कारण परवान्यावरून हातोटी कळत नाही.

भारतीय संदर्भ : महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. येथील एएनएम किंवा जीएनएम या परिचर्या अभ्यासक्रमांवरची नोंदणी अमेरिकेत आपोआप चालत नाही. तेथील राज्य मंडळाची मान्यता व परीक्षा दोन्ही लागतात. अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या आईवडिलांसाठी घरी परिचारिका ठेवताना मराठी कुटुंबांनी ओळखीपाळखीवर न विसंबता राज्य मंडळाची नोंद जरूर पाहावी. तसे करण्यात परिचारिकेवर अविश्वास नाही. मंडळाने ती नोंद रुग्णाच्या संरक्षणासाठीच खुली ठेवली आहे.