लखलखाट की फटकारे? : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेला चमकण्यासाठी शब्दांची वाण नाही. स्पार्कल, ग्लिटर, ट्विंकल, ग्लिसन हे घरगुती शब्द तिच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या जोडीला लॅटिनमधून आलेले काही भारदस्त शब्दही आहेत. ‘कॉरस्केट’ हे क्रियापद त्यांपैकीच एक. त्यावरून झालेले ‘कॉरस्केटिंग’ हे विशेषण लखलखणाऱ्या, राहून राहून प्रकाश फेकणाऱ्या वस्तूला लावतात. हा शब्द बोलण्यात जवळजवळ नाही आणि लिहिण्यातही क्वचितच भेटतो. तरीही त्याची कुळकथा सांगण्याजोगी आहे. याचे कारण असे की, गेल्या काही दशकांत त्याच्या अर्थाने कूस पालटली. आज एखाद्या परीक्षणाला हे विशेषण लागले, तर ते परीक्षण चमकदार आहे की झोडपून काढणारे आहे, हे केवळ त्या शब्दावरून सांगता येत नाही.

मूळ लॅटिन क्रियापद ‘कोरुस्कारे’. त्याचा आरंभ प्रकाशात नाही, हालचालीत आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कवी लुक्रेशियस याने ते खेळकरपणे एकमेकांना ढुशा देणाऱ्या कोकरांसाठी वापरले. व्हर्जिलच्या ‘एनीड’मध्ये ते शस्त्र परजण्यासाठी येते. परजलेल्या पात्यावर ऊन पडले की ते लखकन चमकते. तेव्हा थरथरण्यापासून तळपण्यापर्यंतची वाट फार लांबची नाही. आपल्याकडे संस्कृतातील ‘स्फुर्’ या धातूने नेमकी हीच वाट चोखाळली आहे. थरथरणे, फडफडणे, चमकणे आणि मनात एकाएकी उमटणे हे सारे अर्थ तो पोटात बाळगतो. म्हणूनच मराठीत बाहूही स्फुरतात आणि कविताही स्फुरते. दोन्ही धातूंचे रक्ताचे नाते आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सारखी दिसावी, यात मोठी मौज आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलच्या लॅटिन भाषांतराचे काम सुरू झाले. त्यातील लूकच्या शुभवर्तमानात आकाशात लखलखणाऱ्या विजेसाठी याच क्रियापदाचे रूप आले आहे. धर्मग्रंथात स्थान मिळाल्यामुळे मध्ययुगीन विद्वानांना शब्द परिचयाचा राहिला. पंधराव्या शतकात त्याची नाम-विशेषणे इंग्रजीत दिसू लागतात. क्रियापद मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी आले. पुढे उत्तर ध्रुवाकडील आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे वर्णन करताना, त्याच्या उसळत्या झळाळीसाठी अभ्यासकांनी हे नाम वारंवार वापरले. लौकरच त्याला लाक्षणिक अर्थही फुटला. हजरजबाबी माणसाच्या बोलण्यातील चमक, वादकाच्या बोटांतून झरणारी द्रुत सुरावट, अशा गोष्टींना ‘कॉरस्केटिंग’ म्हणणे हा गौरव ठरला.

मग घोटाळा कोठे झाला? इंग्रजीत ‘एक्स्कोरिएट’ असे दुसरे एक लॅटिनोद्भव क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी ‘कोरिअम’ म्हणजे चामडे हा शब्द असून, त्याचा मूळ अर्थ कातडी सोलणे असा आहे. लक्षणेने त्याचा अर्थ कठोर टीका करणे असा झाला; आपणही एखाद्याची सालटी काढतोच की! ‘एक्स्कोरिएटिंग’ आणि ‘कॉरस्केटिंग’ यांच्या नादात साम्य आहे. शिवाय गंजवून खाणाऱ्या पदार्थाला लावले जाणारे ‘करोझिव्ह’ हे विशेषणही कानाला जवळचे वाटते. या शेजाराचा परिणाम होऊन ब्रिटिश वृत्तपत्रांत ‘कॉरस्केटिंग हल्ला’ अशी शब्दयोजना दिसू लागली. ‘गार्डियन’ दैनिकाच्या शैलीपुस्तिकेने आपल्या लेखकांना याबद्दल स्पष्ट इशारा दिला. तरी प्रवाह थांबला नाही, आणि ऑक्सफर्डच्या आधुनिक कोशकारांना ‘झोंबरी टीका करणारे’ हाही अर्थ नोंदवावा लागला.

याला निव्वळ अज्ञान म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. प्रकाश आणि दाह हे मुळातच शेजारी आहेत. आपले ‘प्रखर’ हे विशेषण उन्हालाही लागते आणि टीकेलाही. ‘जळजळीत’ निखाऱ्याकडून शब्दांकडे येते. चुकीला पाय ठेवायला जागा होती, म्हणूनच ती रुजली. पण खरे कारण याहूनही साधे आहे, असे आमचे मत आहे. हा शब्द घराघरांत बोलला जात नव्हता. ‘स्पार्कल’चा अर्थ कोणी बदलू पाहील, तर लहान मूलही त्याला टोकेल. ‘कॉरस्केटिंग’ला असा राखणदार उरला नव्हता. वाचकाने तो कधी तरी छापलेला पाहायचा, नादावरून अंदाज बांधायचा आणि तोच अंदाज पुढच्याच्या हाती द्यायचा, असे चालत राहिले.

याच्या उलट ‘सिंटिलेट’चे पाहा. ‘सिंटिला’ म्हणजे ठिणगी. शब्द तितकाच लॅटिन, तितकाच भारदस्त. पण तो विज्ञानाच्या आश्रयाला गेला. 1909 मध्ये मँचेस्टर येथे गायगर आणि मार्स्डेन अल्फा कण मोजत होते, तेव्हा झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या इवल्या चमकांना हेच नाव होते. ज्याला रोजचे काम असते, त्याचा अर्थ शाबूत राहतो. ‘कॉरस्केट’लाही उशिरा एक अनपेक्षित आश्रयदाता भेटला. टिमथी झान यांनी 1991 च्या आपल्या कादंबरीत ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील राजधानीच्या ग्रहाला ‘कोरस्कंट’ हे नाव दिले. संपूर्ण ग्रहभर पसरलेल्या शहराचा लखलखाट त्या नावात आहे. 1999 च्या चित्रपटानंतर ते जगभरच्या मुलांच्या तोंडी बसले. मात्र उच्चारात मधला ‘क’ गळाला!

आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी जपणाऱ्यांना ही कथा परकी वाटू नये. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष, समोर. पण ‘माझ्या अपरोक्ष हे ठरले’ असे म्हणताना मराठी माणसाला ‘माझ्या पाठीमागे’ असेच म्हणायचे असते. वेदान्तातला ‘अपरोक्ष अनुभव’ आणि व्यवहारातला हा ‘अपरोक्ष’ आज एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत ‘शिक्षा’ हा शब्द तर दिवसातून दोन अर्थांनी ऐकू येतो : घरात दंड आणि दाराबाहेर शिक्षण.

अर्थ बदलतात आणि बदलत राहणार. कोश त्यांच्या मागोमाग चालतो, त्यांना अडवत नाही. परंतु दोन विरोधी अर्थ एकाच वेळी जिवंत असतात, तेव्हा लिहिणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. गौरव करायचा असेल तर तो गौरवच वाटला पाहिजे, आणि फटकारायचे असेल तर तेही उघड असले पाहिजे. ज्या भाषेचे बोलणारे एखाद्या गावात मूठभर असतात, तिचे सारेच शब्द तेथे हळूहळू दुर्मीळ होऊ लागतात. त्यांचे राखणदार म्हणजे त्यांना बंद पेटीत ठेवणारे नव्हेत. त्यांना रोज, योग्य जागी आणि मोकळेपणाने वापरणारे, हेच खरे राखणदार.