आळंदची घोडेजत्रा आणि बहामनी बिदरचे परदेशी पाहुणे

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेलगत बसवकल्याण तालुक्यात वसलेले मुडबी आज नकाशावर लहानसे दिसते. परंतु हे गाव बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद यांच्या दरम्यानच्या ज्या पट्ट्यात येते, तो पट्टा पंधराव्या शतकात दख्खनमधील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक होता. बाजार आणि दूरचे पाहुणे यांचे असे नाते इतरत्रही दिसते. शहर पाहावे, तेथील अन्न चाखावे आणि चार वस्तू विकत घ्याव्यात या हेतूने आज लोक जर्मनीतील फ्रँकफुर्टसारख्या शहरांकडे जातात, आणि तेथील उंच इमारती, सफरचंदाची वाइन व झाइल रस्त्यावरील दुकाने पाहून परततात. पण त्या शहराची ही ओढ मुळात तेथील जत्रेतून निर्माण झालेली आहे. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० साली फ्रँकफुर्टच्या जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना आपल्या संरक्षणाखाली घेतले, तेव्हापासून दूरदेशीचा व्यापारी निर्धास्तपणे त्या वाटेला लागू शकला. परक्या माणसाला गावात येऊन पाहता, जेवता आणि सौदा करता यावा, तर कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागते. दख्खनमध्ये ही हमी कोणी आणि कशी घेतली, हे आळंदच्या जत्रेच्या इतिहासावरून समजते.

बहामनी राज्य १३४७ साली स्थापन झाले, तेव्हा त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, ही होती; पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने ती बिदरला हलवली. या राज्याचे लष्करी बळ घोडदळावर उभे होते आणि घोडा मात्र दख्खनच्या हवामानात नीट पैदा होत नसे, म्हणून अरबस्तान आणि इराणच्या आखातातील होर्मुझ येथून जहाजांत भरलेली जनावरे चौल व दाभोळ या कोकणच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून देशावर येत. समुद्र आणि राजधानी यांना जोडणाऱ्या या घोड्यांच्या व्यापारामुळेच इराणी, अरब, तुर्क आणि क्वचित रशियन माणूसही या भागात येऊन पोहोचला.

त्या रशियन माणसाचे नाव अफानासी निकीतिन. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर या गावचा हा व्यापारी १४७० च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्या घोड्यावर त्याचे शंभर रुबल खर्च झाले होते. जुन्नरला पावसाळा काढत असताना तेथील अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारला तर घोडा व हजार मोहरा मिळतील, नाहीतर उलट हजार मोहरा दंड भरावा लागेल, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका वजनदार गृहस्थाने, ख्वाजा महंमदाने, मध्यस्थी केली म्हणून धर्मही वाचला आणि घोडाही परत मिळाला. हमीदार नसलेल्या परदेशी माणसाची अवस्था किती नाजूक होती आणि एका ओळखीच्या माणसाचा शब्द त्याला कसा तारून नेई, याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या काळच्या दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

जुन्नरहून महिनाभराची वाट चालून निकीतिन बिदरला पोहोचला, तेव्हा गादीवर तिसरा महंमदशहा होता आणि कारभार महमूद गवान याच्या हाती होता. निकीतिनच्या नोंदींनुसार सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे होते. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू लेखनिक बसत, आत जाणाऱ्याचे नाव काही जण लिहून घेत, बाहेर येणाऱ्याचे दुसरे लिहून घेत, आणि 'गरीब' लोकांना, म्हणजे परदेशातून आलेल्यांना, आत सोडत नसत. त्या वाड्याचे कोरीवकाम आणि सोन्याचा मुलामा तो मोठ्या कौतुकाने वर्णितो. त्याच वेळी सरदार चांदीच्या पालखीतून मिरवतात आणि खेड्यांतील माणसे मात्र फार हलाखीत असतात, हेही तो नमूद करतो. शहर पाहायला आलेल्याने तेथील वैभवाबरोबर त्याची किंमत कोण चुकवतो हेही पाहिले, यामुळे त्याच्या लेखनाला प्रवासवर्णनापलीकडचे मोल आले आहे.

अन्नाविषयी त्याच्या नोंदी तितक्याच बारीक आहेत. पाहुणे मुक्कामाच्या घरी उतरत आणि त्यांचा स्वयंपाक तेथील बायका करत. हिंदू लोक दिवसातून दोनदा, तूप घातलेला भात, खिचडी आणि भाजीपाला खात, उजव्याच हाताने जेवत, आणि प्रवासात प्रत्येकाजवळ स्वतःचे भांडे असे. घोड्यांनाही हरभरा आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी मिळे, म्हणजे परदेशातून आणलेल्या जनावराचे पोटही इथल्याच डाळ-तांदळावर भरत असे. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, हे निकीतिनने सांगितल्यावर बिदरच्या हिंदूंनी त्याच्यापासून खाणेपिणे, व्यवहार किंवा पूजा काहीच लपवले नाही; त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला.

खरेदी-विक्रीचे केंद्र मात्र आळंद हे होते. तेथे शेख अलाउद्दीन, ज्यांना लोक लाडले मशायख म्हणून ओळखतात, त्यांचा दर्गा आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ ऑक्टोबरच्या सुमारास दहा दिवसांची जत्रा भरे, असे निकीतिन लिहितो. अख्ख्या हिंदुस्थानातील लोक तेथे येत, वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत आणि हर तऱ्हेचा माल मिळे. हिंदुस्थानातील सर्वांत चांगली जत्रा हीच, असा त्याचा निर्वाळा आहे. बिदरहून हे अंतर तो बारा 'कोव' सांगतो, आणि एक 'कोव' म्हणजे दहा व्हर्स्ट, असे त्याचे माप आहे; व्हर्स्ट हे किलोमीटरहून किंचित मोठे रशियन माप. आजच्या नकाशाशी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. स्वतःच्या देशाला नेण्याजोगा माल मात्र त्याला फारसा मिळाला नाही: मिरी आणि रंग स्वस्त होते, पण जकात जबर आणि समुद्रावर चाच्यांचे भय होते.

फ्रँकफुर्टला जी हमी सम्राटाच्या आज्ञेने मिळाली, ती आळंदला एका संताच्या स्मरणाने दिली. राज्ये भांडत, सरदार घोडे हिसकावत. पण उरुसाच्या, म्हणजे संताच्या स्मरणार्थ भरणाऱ्या या जत्रेच्या दिवसांत त्या ठिकाणी येणाऱ्याला अडवणे लोकांना रुचणारे नसावे, आणि म्हणूनच तेथे इतका मोठा बाजार भरू शकला असावा. ही श्रद्धा एकाच समाजापुरती नव्हती. तुकोबांच्या गुरुपरंपरेतील राघवचैतन्यांची समाधीही वारकरी परंपरा आळंदलाच मानते, त्यामुळे मराठी भाविकांचेही या गावाशी नाते जुळले.

निकीतिन मायदेशी पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या वह्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचल्या, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन याने त्या उजेडात आणल्या आणि १८५७ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. दरम्यान बहामनी राज्य फुटले, बिदर बरीदशाही, विजापूर, मोगल आणि निजाम यांच्या हाती गेले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर-निलंग्याकडचे तालुके मुंबई राज्यात, तर भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. राज्याची सीमा बदलली तरी आळंदचा उरूस आजही भरतो. बिदरचे कारागीर आजही जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात ते भांडे बुडवून धातू काळाभोर करतात; बिदरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तू पाहुणे घरी घेऊन जातात.

या पट्ट्याचे पर्यटन आज बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा यांच्या छायाचित्रांपुरते मांडले जाते, त्यात मुडबीसारखी वाटेवरची गावे गळून पडतात. परंतु शहराला पाहुणा मिळतो तो वाटेमुळे, आणि वाट चालती राहते ती तिच्यावरच्या गावांनी परक्याला दिलेल्या पाणी, चारा आणि विश्वासामुळे. म्हणून बिदरचा खरा इतिहास लिहायचा तर तो राजवाड्याच्या सात दरवाजांबरोबर बिदर-आळंद पट्ट्यातील गावांचाही लिहावा लागेल. कारण परदेशी पाहुण्याला दरवाजे बंद होते, गावे मात्र खुली होती.