मूळ प्रत आणि क्षेपक

जुन्या पोथ्या तपासणारांस एक अडचण पदोपदीं येते. नक्कल करणारानें मूळ ओवी कोठें गाळली आणि पदरची कोठें घातली, हें हातीं आलेल्या एकाच प्रतीवरून सांगतां येत नाहीं. ज्यांची मूळ संहिता कोणासहि वाचतां, बदलतां व वाटतां येते, अशा संगणकाच्या मुक्त आज्ञावल्यांनाहि हीच अडचण आली. तिच्यावरील उपायांचा इतिहास पुरत्या अर्ध्या शतकाचाहि नाहीं.

इ. स. १९७९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ति काढली. तींत 'टार' नांवाचें एक साधन होतें. चुंबकीय फितीवर अनेक फाइली एकापुढें एक रचून त्यांचें एकच गाठोडें बांधावयाचें, एवढेंच त्याचें काम. पुढें फिती मागें पडल्या, गाठोडें मात्र राहिलें; आज्ञावलीचे कर्ते आपली संहिता याच रूपानें जगाच्या स्वाधीन करूं लागले.

१९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं डेबियन हा उपक्रम आरंभिला. अनेक कर्त्यांच्या आज्ञावल्या एकमेकींशीं जुळवून वापरणाराच्या हातीं देणें, हें त्याचें कार्य. जुळवितांना फेरफार करावेच लागतात. मग कर्त्याचें कोणतें आणि जुळविणाराचें कोणतें, हें ओळखावें कसें? डेबियननें घालून दिलेली रीत साधी पण मार्मिक आहे: कर्त्याचें गाठोडें जसेंच्या तसें ठेवावयाचें, त्याच्या नांवांत 'ओरिज', म्हणजे मूळ, अशी खूण करावयाची, आणि आपले फेरफार निराळ्या बाडांत द्यावयाचे. गाठोड्यावरून गणितानें एक ओळखसंख्या काढतां येते. एक अक्षर बदललें, इतकेंच काय, फाइलींचा क्रम पालटला, तरी ती बदलते. ती कर्त्याकडील संख्येशीं जुळली, कीं मधल्या हातांनीं कांहीं घातलें नाहीं हें सिद्ध होतें.

परंतु जसेंच्या तसें ठेवणें नेहमींच साधेना. जुलै १९९७ मध्यें डेबियननें मुक्ततेच्या कसोट्या ठरविल्या. त्यांत न बसणाऱ्या फाइली काढून गाठोडें पुन्हा बांधावें लागे, आणि नांवापुढें 'डीएफएसजी' हीं अक्षरें जोडून तशी कबुली देण्याचा प्रघात पडला. मार्च २००६ मध्यें मतदान होऊन असें ठरलें, कीं ज्या पुस्तकाचे कांहीं भाग बदलण्यास परवान्यानेंच बंदी आहे, तें मुक्त नव्हे. या निर्णयानें 'ईमॅक्स'ची मार्गदर्शिकाहि बाहेर गेली. आणि ईमॅक्स तर मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांची कृति! यांत कोणास हेकटपणा दिसेल. परंतु घरच्यांस सूट देणारी कसोटी ती कसोटी कसली?

या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं एक गृहीत होतें: कर्त्याकडून आलेलें गाठोडें तें शुद्धच. २०२४ सालीं तें कोसळलें. 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी आज्ञावली लासे कॉलिन वर्षानुवर्षें जवळजवळ एकट्यानें सांभाळीत होते. 'जिया तान' असें नांव सांगणारी एक व्यक्ति २०२१ पासून त्यांना मदत करूं लागली, विश्वासास पात्र ठरली, आणि अखेर नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारहि तिच्याकडे आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें ५.६.० ही आवृत्ति निघाली. सर्वांसमोर ठेवलेल्या संहितेच्या इतिहासांत नसलेली एक सूचना तिच्या गाठोड्यांत होती. आज्ञावली बांधली जात असतां ही सूचना चाचणीच्या नमुन्यांत दडविलेला भाग बाहेर काढी, आणि दूरच्या संगणकांत शिरण्याच्या 'एसएसएच' या दाराला चोरवाट पाडी. ओळखसंख्या अर्थातच बिनचूक जुळत होती! क्षेपक घालणाराच मूळ प्रत देणारा झाल्यावर ती न जुळेल कशी?

अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास त्या दारांतून शिरतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. दुसऱ्या कोणीं तिकडे दुर्लक्ष केलें असतें. त्यांनीं मूळ शोधून २९ मार्च २०२४ रोजीं तें जाहीर केलें. चोरवाट तोंवर डेबियनच्या चाचणीच्या शाखांत शिरली होती, स्थिर आवृत्तींत नव्हे. डेबियननें जुनी प्रत परत आणली. पण क्रमांक मागें नेतां येत नसल्यानें तिचें नांव पडलें '५.६.१+रिअली५.४.५', म्हणजे नांवानें नवी, वस्तुतः जुनी.

कर्त्याचें गाठोडें न घेतां सार्वजनिक इतिहासांतूनच तें स्वतः बांधावें, हा विचार यानंतर बळावला. त्यांत श्रम अधिक आहेत. कर्ता जें तयार करून देत असे, तें ज्याचें त्यानें पुन्हा घडवावें लागतें. कॉलिन यांनीं संहिता तपासून, चोरवाट काढलेली ५.६.२ ही आवृत्ति मे २०२४ मध्यें प्रसिद्ध केली.