लीला राव : बांबुळीच्या पंडित घराण्यातील टेनिसपटू

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एकाच खेळाडूने दोन क्षेत्रे गाजविल्याची उदाहरणे आढळतात. मद्रासचे कोटा रामस्वामी १९२२ मध्ये डेव्हिस चषकासाठी टेनिस खेळले आणि १९३६ मध्ये इंग्लंडात कसोटी क्रिकेटही. त्यांच्याच काळातील लीला राव यांचे मूळ आपल्या परिसरातले. तरीही त्यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते.

पेडण्यातून तेरेखोल नदी ओलांडली की जुन्या सावंतवाडी संस्थानाचा मुलूख लागतो. पेडणे आणि डिचोली हे महालही अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी वाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. या संस्थानातील बांबुळीचे शंकर पांडुरंग पंडित हे अथर्ववेदाचे संपादक. तुकारामांच्या गाथेची चिकित्सक आवृत्तीही त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली. १८९४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची कन्या क्षमा अगदी लहान होती. पोरकेपणातही तिने वडिलांचे संस्कृत सोडले नाही. पंडिता क्षमा राव या नावाने तिने लिहिलेली ‘सत्याग्रहगीता’ १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. पुढे तिने तुकाराम आणि रामदास यांची चरित्रेही संस्कृत पद्यात रचली. विशेष म्हणजे ही विदुषी स्वतः टेनिस खेळत असे.

लीला ही तिची मुलगी; जन्म १९११. १९३४ च्या विम्बल्डन स्पर्धेत पहिल्याच फेरीत ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध तिने पहिला सेट ४-६ असा गमावला, दुसरा १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढच्या फेरीत ती हरली. याच लीलाबाईंनी भारतीय नृत्याचा अभ्यास केला. त्यांचा ‘नृत्तमंजरी’ हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात आई सापडते, टेनिसच्या इतिहासात मुलीचा एक सामना, नृत्याच्या सूचीत तिचे एक पुस्तक. विषयवार नोंदी ठेवण्याच्या आपल्या सवयीने एक घराणे असे तीन कप्प्यांत विभागले गेले. त्या घरात मात्र पोथी आणि रॅकेट यांत विरोध नव्हता. दोन्हींना रोजचा अभ्यास लागतो, आणि मुलींनी तो करावा याला तिथे मान्यता होती. ज्या काळात मुलीने मैदानावर उतरणे हेच धाडस होते, त्या काळात ही मान्यता त्या विजयाइतकीच मोलाची होती. आपल्या प्रदेशाचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना तिचीही नोंद व्हायला हवी.