जावळीच्या गडांची कुळकथा

वीर स्थानकावर उतरून महाडवरून पोलादपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला पूर्वेस सह्याद्रीची जी अखंड रांग दिसते, तिच्या दोन्ही अंगांस सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जावळीकर मोऱ्यांचा अंमल होता. आदिलशाहीने बहाल केलेला ‘चंद्रराव’ हा किताब पिढीजाद मिरविणारे हे घराणे विजापूरचे मांडलिक म्हणवीत असले, तरी वागणुकीत ते जवळजवळ स्वतंत्र होते. कारण महाडच्या बंदरी उतरलेला माल पार घाटाने देशावर चढवावयाचा, तर तो त्यांच्याच मुलखातून न्यावा लागे. आल्प्स पर्वतातील साव्हॉयच्या घराण्यानेही खिंडी राखूनच आपले बळ वाढविले. परंतु त्याच्या वंशजास १८६१ साली इटलीचे राजपद लाभले, आणि मोऱ्यांची दौलत १६५६ सालीच शिवाजी महाराजांनी खालसा केली.

मोऱ्यांच्या राज्याची खरी तटबंदी चुन्यादगडाची नव्हती. निबिड अरण्य, तुटलेले कडे आणि पावसाळ्यात दुथडी वाहणारी सावित्री, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. ढवळ्याच्या खोऱ्यातला चंद्रगड किंवा कांगोरीचा मंगळगड पाहिला, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि बेताचे बांधकाम यांपलीकडे फारसे काही आढळत नाही. जे निसर्गाने दिले, ते पुन्हा बांधण्याचा खटाटोप तेथे कोणी केलेला नाही.

जावळी हस्तगत होताच याच भूमीवर दगड बोलू लागला. पार घाटावर नजर ठेवणाऱ्या भोरप्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात, अफजलखानाच्या प्रसंगी, त्या जागेची निवड सार्थ ठरली. जावळी पडल्यावर चंद्ररावाने ज्या रायरीचा आश्रय घेतला होता, तीच पुढे हिरोजी इंदुलकरांच्या हातून राजधानी रायगड झाली; ६ जून १६७४ रोजी तेथेच राज्याभिषेक झाला. त्या गडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या आड असा दडविलेला आहे की, अगदी जवळ आल्यावाचून तो दृष्टीस पडत नाही. उलट जेथे कडा सरळ तुटला आहे, तेथे तटावर दगड खर्ची घातलेला नाही.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरील वाडे जाळले. कड्यांचे मात्र त्यांना काही करता आले नाही. रायगडाच्या बांधणीचे श्रेय हिरोजींचे खरे. पण डोंगरालाच पहिला तट मानून उरलेल्या उणिवेपुरताच चुनादगड वापरण्याची ही रीत जावळीच्या रानात आधीच रुळलेली होती, आणि त्या अर्थाने मोऱ्यांची दौलत बुडाली, तरी त्यांची पहाडी शहाणीव स्वराज्याच्या वारशात जमा झाली.